साथीच्या काळात हॉटेलातली खोली: ठाणे-नवी मुंबईने करार आत्ताच करून ठेवायला हवेत

चेंदणीकर

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात कोविडच्या लॉकडाउनमुळे ठाणे स्टेशनच्या आसपासची लॉजेस बंद झाली. वाशी सेक्टर १७, तुर्भे, बेलापूर, घोडबंदर रोड, सगळीकडे तेच. खोल्या तयार, गाद्या तयार, बहुतेक खोल्यांना स्वतंत्र संडास-बाथरूम, आणि राहायला कुणी नाही. त्याच आठवड्यात ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलाखाली, कोपरीच्या फुटपाथवर, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली राहणारी माणसं जायचं कुठे ते न कळून होती तिथेच बसली होती. पुढे त्यांच्यातल्या काहींना शाळांच्या वर्गांत आणि हॉलमध्ये नेलं. दोन वेळचं जेवण मिळालं, डोक्यावर छप्पर आलं, आणि ज्यांनी तेव्हा जीव धोक्यात घालून हे केलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं आणि सगळ्यांत मिळून संडासांची एक रांग, ही सोय पुरासाठी ठीक आहे. हवेतून पसरणाऱ्या रोगात ती उलट घातक ठरू शकते.

हे जुनं उकरून काढायचं कारण असं की तेव्हा इतर काही देशांनी बंद हॉटेलं आणि उघड्यावरची माणसं ही सांगड घातली होती, आणि त्यातून काय झालं हे आता आपल्यासमोर आहे. इंग्लंडमध्ये २६ मार्च २०२० ला सरकारने स्थानिक परिषदांना पत्र पाठवलं: शनिवार-रविवार संपायच्या आत रस्त्यावर झोपणारा प्रत्येक माणूस आत आणा. त्या मोहिमेचं नावच ‘एव्हरीवन इन’. हॉटेलं घेतली, वसतिगृहं घेतली. मे महिन्यापर्यंत जवळपास १५ हजार लोक आत होते. नंतर लॅन्सेटच्या श्वसनरोगविषयक नियतकालिकात एक अभ्यास आला. या आणि अशा उपायांमुळे पहिल्या लाटेत इंग्लंडमधल्या बेघरांमध्ये सुमारे २१ हजार संसर्ग आणि २६६ मृत्यू टळले असावेत, असा त्यातला अंदाज आहे. तो गणिती मॉडेलचा अंदाज आहे, मोजून घेतलेला आकडा नव्हे, तरी दिशा स्पष्ट आहे.

कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट रूमकी’ सुरू केलं. उद्दिष्ट १५ हजार खोल्यांचं. त्यांनी सरसकट सगळ्यांना घेतलं नाही. ६५ च्या पुढचे, आधीपासून आजार असलेले, लागण झालेले किंवा लागण झालेल्यांच्या संपर्कात आलेले यांना आधी खोली. खर्चाचा ७५ टक्के भाग केंद्राच्या आपत्ती निवारण संस्थेने उचलला.

आपल्याकडे हॉटेलं वापरलीच नाहीत असं नाही. ताज समूहाने एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या आपल्या काही हॉटेलांच्या खोल्या डॉक्टरांना दिल्या. मे महिन्यात वंदे भारत मोहिमेच्या विमानांनी परदेशात अडकलेले लोक परत आले, त्यांना स्वखर्चाने हॉटेलात विलगीकरणात ठेवलं. म्हणजे हॉटेल ताब्यात घेणं, दर ठरवणं, जेवण दाराबाहेर ठेवणं हे सगळं आपल्या यंत्रणेला जमत होतं. दार लावून घेता येणारी खोली हे पहिलं औषध होतं, आणि ते आपण पैसे भरू शकणाऱ्यांपर्यंत पोचवलं. बाकीच्यांना सतरंजी दिली.

माझं म्हणणं एवढंच: ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लॉज-हॉटेलांची यादी आणि आधीच सह्या झालेले करार ठेवावेत. पावसाळ्याआधी नालेसफाईचा आढावा होतो, त्याच बैठकीत या यादीवरूनही एकदा नजर फिरवावी. साथ आली की त्या दिवशी फक्त फोन करायचा. मला याचा रीतसर अर्ज लिहायचा आहे. ज्यांनी ते दिवस जवळून पाहिलेत त्यांनी लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, अर्ज पक्का होईल.

तुर्भेवाला

पूर्ण सहमत. यादीत बाजारातली माणसं घाला. वाशीच्या घाऊक बाजारात (एपीएमसीत) गाळ्यांच्या पोटमाळ्यावर झोपणारे, हातगाडी ओढणारे, टेम्पोचे क्लीनर. कागदोपत्री हे बेघर नाहीत कारण गावाला घर आहे. मे २०२० मध्ये वाशीचा बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला तेव्हा काम सुटलं म्हणजे झोपायची जागाही सुटली. ताप आलेला माणूस आणि न आलेला माणूस एकाच पोटमाळ्यावर.

गावदेवी

स्टेशनजवळ आमचं लॉज आहे, वडिलांपासूनचं. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. रागाने नाही, कारण चेंदणीकर ताईंचा मुद्दा मला पटलेला आहे.

लॉज बंद म्हणजे नुसतं कुलूप नसतं. रूमबॉय सगळे गावाला निघून गेले होते, धोबी बंद होता, चादरी-अभ्रे धुणार कोण? विजेचा स्थिर आकार चालू, मालमत्ता कर चालू, कमाई शून्य. महाराष्ट्रात हॉटेलं उघडायला परवानगी मिळाली ती ८ जुलैला, तीही एकतृतीयांश खोल्यांपुरती. त्या तीन महिन्यांत मला कुणी निम्म्या दराने जरी सगळं लॉज घेतो म्हटलं असतं तर मी दोन हातांनी चावी दिली असती. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांनी दिली असती. विचारलं कुणी नाही.

पण उद्या विचारलं तर मी चार गोष्टी मागेन. एक तर बिल. एका सरकारी कामासाठी आम्ही पूर्वी खोल्या दिल्या होत्या, त्याचे पैसे मिळेपर्यंत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर इतकी फिरली की वडिलांनी पुन्हा असं काम घ्यायचं नाही असं ठरवलं. महिन्याच्या महिन्याला पैसे जमा झाले पाहिजेत, निदान काही भाग आगाऊ. मग मोडतोड. गिझर, टीव्ही, नळ यांचं काही झालं तर भरून कोण देणार ते लिहून हवं. टीव्ही मी काढूनही ठेवीन, पण पंखा काढता येत नाही.

तिसरी गोष्ट ओळखपत्राची. आमच्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता-ओळखपत्र नसेल तर पोलीस आम्हाला धरतात. पुलाखालच्या माणसाचं आधार कार्ड असतंच असं नाही, असलं तरी पावसात भिजून गेलेलं असतं. म्हणून पालिकेच्या पत्रावर प्रवेश, अशी सूट पोलीस ठाण्याकडून आधीच मिळालेली हवी. आणि चौथी म्हणजे आमच्याकडे माणूस हवा. रात्री दोन वाजता कुणी दार वाजवून रडायला लागलं तर काउंटरवरचा पोरगा काय करणार? तो खोल्या भाड्याने द्यायला शिकलाय, माणसं सांभाळायला नाही.

घोडबंदर_कट्टा

माफ करा, पण आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक हॉटेल आहे. तिथे पन्नास अनोळखी माणसं आणून ठेवणार असाल तर आम्हाला आधी विचारणार का? लहान मुलं आहेत, ज्येष्ठ नागरिक आहेत. त्या काळात आम्ही दूधवाल्यालाही गेटवर थांबवत होतो. माणुसकी नाही असं समजू नका. भीती खरी होती.

न्यूजर्सीतला_ठाणेकर

घोडबंदरवाले दादा, तुमच्यासारखीच भीती इथे शेजारी न्यूयॉर्कमध्ये लोकांनी जाहीर बोलून दाखवली होती. मॅनहॅटनच्या अप्पर वेस्ट साइड भागात ल्युसर्न नावाचं हॉटेल आहे. २०२० च्या उन्हाळ्यात शहराने सामूहिक निवाऱ्यातल्या पुरुषांना गर्दी कमी करायला तिथे हलवलं. परिसर सुखवस्तू. फेसबुकवर गट निघाले, वकील लावला गेला, महापौरांवर दबाव आला, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच वस्तीतल्या दुसऱ्या रहिवाशांनी मात्र गट करून त्या माणसांची बाजू घेतली, कपडे-पुस्तकं आणून दिली, त्यांना कामं मिळावीत म्हणून खटपट केली. एकाच रस्त्यावर दोन्ही प्रकारची माणसं होती.

त्या सगळ्या वादात मला जाणवलेली गोष्ट: शेजाऱ्यांना आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कोण येतंय, किती दिवस, तक्रार असेल तर कुणाला फोन करायचा. हे तिन्ही आधी सांगितलं तर निम्मा विरोध मावळतो असं मला वाटतं. राहिलेला निम्मा मावळणार नाही, तो धरूनच चालायचं.

चेंदणीकर

गावदेवी दादा, तुमच्या चारही गोष्टी अर्जात जशाच्या तशा घेते.

घोडबंदरकर, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं. मला एवढंच सांगायचंय की ती माणसं तेव्हाही तुमच्यापासून लांब नव्हतीच. तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करणारी बाई, रात्रीचा वॉचमन, कचरा उचलणारा, यांच्यातले कितीतरी दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जणांबरोबर राहतात. त्यांच्यातल्या आजाऱ्याला वेगळी खोली मिळाली असती तर धोका तुमचाही कमी झाला असता.

सिस्टर_कळवा

मी परिचारिका आहे, त्या वर्षभर कोविड ड्युटी केली. धागा वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. स्टेशनजवळच्या लॉजमधल्या कितीतरी खोल्यांना खिडकीच नसते. असली तर ती डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंदिस्त पोकळीत उघडते. आत एसी किंवा नुसता पंखा, हवा तीच ती फिरते. एकटा माणूस असेल तर प्रश्न नाही, दार बंद करून राहील. पण एका खोलीत तीन बेड टाकले किंवा दोन खोल्यांचं संडास एकच असलं तर हॉलमध्ये आणि लॉजमध्ये फरक काय राहिला? उलट शाळेच्या वर्गाला निदान दोन्ही बाजूंना खिडक्या असतात. आणि त्या डक्टमधून खालच्या मजल्याच्या बाथरूमची हवा वरच्या मजल्यावर येते, नाकाला कळतं. त्यामुळे यादी करताना खोल्या मोजण्याआधी खिडक्या मोजा. बाहेर उघडणारी खिडकी आणि स्वतःचं संडास, ही अट. बाकी खोल्या सोडून द्या, मग संख्या कमी भरली तरी चालेल.

दुसरी गोष्ट दारूची. लॉकडाउनमध्ये मेच्या सुरुवातीपर्यंत दारूची दुकानं बंद होती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, आणि दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जातो, कुणी भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, कुणाला फिट येते. यात माणूस दगावतो. पुलाखालच्या माणसाला तुम्ही खोलीत ठेवून दार लावलंत आणि तिसऱ्या दिवशी जेवणाचं पाकीट तसंच पडलेलं दिसलं तर तो हट्ट करतोय असं समजू नका, आत जाऊन बघा. पहिले पाच दिवस दिवसातून दोनदा दार वाजवून प्रत्येकाशी बोलणारं माणूस लागतं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं हाताशी लागतात.

आणखी: टीबीच्या गोळ्या चालू असलेल्यांच्या खुराकात खंड पडता कामा नये. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी फ्रिज लागतो, तो लॉजच्या काउंटरमागे असतोच. प्रत्येक मजल्याला एक पल्स ऑक्सिमीटर. सहा मिनिटं चालायला लावायचं आणि पुन्हा बोट लावून बघायचं, ऑक्सिजन घसरला तर लगेच हॉस्पिटल. आमच्या वॉर्डात जे उशिरा आले त्यांच्यात बेघर माणसं जास्त होती असं नाही म्हणणार, कारण ती वॉर्डापर्यंत पोचलेली दिसायचीच कमी. ते मला अजून खुपतं.

पारसिकच्या_पायथ्याशी

सिस्टर, खिडकी मोजायची अट वाचून अंगावर काटा आला. आमच्या चाळीतल्या खोल्याही अशाच आहेत.

निवारा_ठाणे

आम्ही काही मित्रांनी तेव्हा वर्गणी काढून एका लॉजमधल्या मोजक्या खोल्या घेतल्या होत्या, वयस्कर आणि आजारी माणसांसाठी. छोटं काम होतं, पण जे पाहिलं ते सांगतो.

सॅटिसखाली राहणारी एक आजी होती. खोलीत गेल्यावर पलंगावरची चादर काढली, चार घड्या घालून जमिनीवर अंथरली आणि तिच्यावरच झोपली. पलंगाला शेवटपर्यंत हात लावला नाही. खोलीची चावी मात्र पदराच्या गाठीत बांधलेली असायची. जेवण द्यायला गेलं की आधी आतून विचारायची कोण आहे, मग गाठ सोडून कुलूप काढायची. आम्ही सांगायचो की आजी, आत असताना कुलूप लावायची गरज नाही, नुसती कडी लावा. ती म्हणायची, “असू दे रे, कुलूप माझं आहे.” एवढी वर्षं तिचं बोचकं उशाशी घेऊन तिने अर्धवट जागं राहूनच झोप काढली होती. पहिल्या आठवड्यानंतर दुपारच्याही झोपा काढायला लागली.

सगळे मात्र आले नाहीत. एक जण त्याच्या दोन कुत्र्यांशिवाय यायला तयार नव्हता. भंगार गोळा करणाऱ्या एका जोडप्याला हातगाडी सोडून यायचं नव्हतं, आणि का सोडावी त्यांनी, तीच त्यांची कमाई. हातगाडी ठेवायला कुलपाची जागा मिळाली असती तर ते आले असते. काहींना वाटलं भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडून नेतायत. १९५९ चा तो कायदा आणि गाडीत कोंबून नेण्याच्या आठवणी या लोकांच्या मनात फार खोल आहेत. त्यामुळे न्यायला कोण जातं याला महत्त्व आहे. खाकी कपडे पाहिले की माणसं पळायची. ओळखीचं कुणी गेलं तर ऐकायची. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी सिग्नल शाळा चालते, तिथल्या कुटुंबांना शिक्षक नावाने ओळखतात. असा माणूस सोबत असला की काम निम्मं होतं.

आणि शेवट वाईट झाला, तोही सांगायला हवा. वर्गणी संपली, खोल्या सोडाव्या लागल्या, माणसं पुन्हा होती तिथे. आजी जाताना काही बोलली नाही. आम्हालाच बोलता येईना. पुढची जागा ठरलेली नसताना कुणाला खोली देऊ नये, असं मला तेव्हापासून वाटतं, आणि तरीही साथ चालू असताना खोली नाकारावी असंही म्हणता येत नाही. तुम्ही अर्जात याचं काय करणार?

सानपाड्याची_मुलगी

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पूल येतो. घर असूनही ज्यांना तिथे राहता येत नाही त्यांचं काय? लॉकडाउनमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या होत्या. मारणारा माणूस चोवीस तास घरात, फोन त्याच्या हातात, माहेरी जायला लोकल नाही. फ्रान्सने ३० मार्च २०२० ला जाहीर केलं होतं की अशा बायकांसाठी हॉटेलांच्या २० हजार रात्रींचा खर्च सरकार करेल. आपल्याकडे घरगुती हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, १८१ हा मदत क्रमांक आहे, संकटातल्या बायकांसाठी सरकारी सखी केंद्रं आहेत, पण सखी केंद्रात मुक्काम अगदी थोड्या दिवसांचा आणि जागाही थोड्याच.

बायकांच्या खोल्या वेगळ्या मजल्यावर असून भागणार नाही, हॉटेलच वेगळं हवं. जुलै २०२० मध्ये पनवेलजवळच्या एका अलगीकरण केंद्रात एका महिलेवर अत्याचार झाल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. दाराला आतून चांगली कडी, बाहेर स्त्री सुरक्षारक्षक, आणि हॉटेलचं नाव कुठल्याही जाहीर यादीत नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे, कारण नवरा शोधत येतो.

लहान मुलं बरोबर असतील तर खोलीत दूध तापवायची सोय हवी. हे बारीक वाटेल, पण याच कारणासाठी बाई परत जाते.

निवृत्त_पालिका

मी महापालिकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. अर्जाला कायद्याचा आणि पैशाचा आधार नसेल तर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं उत्तर येऊन विषय संपतो. म्हणून थोडं सविस्तर.

पैसे नव्हते हे खरं नाही. २८ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या नियमांत बदल करून बेघर आणि अडकलेल्या मजुरांच्या तात्पुरत्या निवाऱ्याला, अन्नाला, कपड्यांना, औषधोपचाराला तो निधी वापरायची मुभा दिली होती. तात्पुरता निवारा म्हणजे शाळाच, असं कुठेही लिहिलेलं नाही.

अधिकारही होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ६५ पाहा. जिल्हा प्राधिकरणाला गरज पडल्यास जागा अधिग्रहित करता येते. आणि गावदेवींच्या काळजीचं उत्तर कलम ६६ मध्ये आहे: त्या जागेचं भाडं किंवा परिसरातल्या तशाच जागेचं भाडं धरून मोबदला द्यावा लागतो, मालकाला तो कमी वाटला तर लवादाकडे जाता येतं. पण मी अधिग्रहणाच्या बाजूचा नाही. सक्तीने घेतलेल्या लॉजमध्ये मालक पाण्याची मोटरही वेळेवर चालू करणार नाही. करारच बरा, कलम ६५ पाठीशी असू द्या.

आता चेंदणीकर ताई, एक गोष्ट तुमच्या अर्जात नाही, ती घाला. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. बेलापूर, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. नवी मुंबई म्हणून लोक एकच शहर समजतात, साथ आली की खाडीच्या अलीकडे एक हुकूम आणि पलीकडे दुसरा. अर्ज तिन्ही महापालिका आणि दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी द्या.

आणि मूळ दुखणं साथीचं नाहीच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरी बेघर निवारा योजनेत निकष ठरला आहे: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा, बारमाही, चोवीस तास उघडा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि नवी मुंबई ११ लाखांवर होतं. म्हणजे त्या जुन्या आकड्यांवरही ठाण्याला १८ आणि नवी मुंबईला ११ निवारे लागतात. माहितीच्या अधिकारात विचारा: आज प्रत्यक्ष चालू किती, आणि किती रात्रभर उघडे असतात. ते उत्तर अर्जाला जोडा. निवारे निकषाप्रमाणे असते तर साथीत हॉटेलात न्यायची माणसं कोण आणि किती हे आधीच माहीत असतं.

निवारा_ठाणे यांनी शेवटी विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत जड वाटतो. कॅलिफोर्नियाने रूमकीनंतर जुलै २०२० मध्ये ‘होमकी’ आणलं, म्हणजे हॉटेलं-मोटेलं विकत घेऊन त्यांची कायमची घरं करायची. आपल्याकडेही ८ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली, सरकारी रिकामी घरं स्थलांतरित मजुरांना भाड्याने देण्यासाठी. आणि आपल्या भागात एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, भाडेतत्त्वावरच्या योजनेतल्या इमारती होत्याच. १६० चौरस फुटांच्या खोल्या. पनवेलजवळच्या कोनमधल्या, ठाण्यातल्या भाईंदरपाड्याच्या अशा इमारती कोविडमध्ये अलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. रुग्ण गेले तेव्हा त्यातला एखादा मजला जरी वयस्कर बेघरांसाठी राखून ठेवला असता तर त्या आजीला जायला जागा होती. हॉटेल तीन महिन्यांसाठी, त्या तीन महिन्यांत पुढची जागा ठरवणं पालिकेवर बंधनकारक, असं वाक्य करारातच घाला. हॉटेलच्या करारात नाही बसलं तर प्रशासकीय आदेशात बसवा.

घोडबंदर_कट्टा

सगळं वाचलं. भीती गेली असं म्हणणार नाही. पण वर लिहिलेल्या तीन गोष्टी, कोण येणार, किती दिवस, फोन कुणाला, या लेखी मिळणार असतील तर सोसायटीच्या सभेत मी विरोध करणार नाही. आमच्या वॉचमनची आई त्याच्याच खोलीत आजारी पडली होती, ते माहीत असूनही तेव्हा कुणाला काही सुचलं नव्हतं. वयस्कर लोकांचं हॉटेल आमच्या शेजारी आलं तर जेवणाचं काय ते आम्ही बघू, हेही सभेत मांडतो.

तुर्भेवाला

जेवणावरून: राज्य सरकारची स्वस्त शिवभोजन थाळी मार्च २०२० मध्ये पाच रुपयांवर आणली होती. हॉटेलाचं स्वयंपाकघर चालू करायच्या भानगडीत न पडता जवळचं केंद्र जोडून द्या. फक्त मधुमेह्यांना भात कमी, पोळी जास्त, एवढं सांगावं लागेल.

गावदेवी

निवृत्त साहेबांनी कलम ६६ दाखवलं ते मी आमच्या लॉजवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं. सिस्टरांच्या खिडकीच्या अटीवर दोघे-तिघे नाराज झाले, कारण त्यांच्या निम्म्या खोल्या बाद होतात. मी माझ्या स्वतःच्या बघितल्या. मागच्या बाजूच्या सगळ्या बाद. पुढच्या बाजूच्या रस्त्यावर उघडतात, त्या चालतील. नाव यादीत घाला, पण आगाऊ रकमेचं कलम नसेल तर मी सही करणार नाही.

चेंदणीकर

आगाऊ रक्कम घातली आहे. पहिल्या महिन्याचं अर्धं भाडं ताबा घेतानाच, उरलेलं दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत.

मसुद्यात आत्तापर्यंत हे आलं आहे: खिडकी आणि स्वतंत्र संडास, पोलीस ठाण्याची ओळखपत्रातून सूट, पहिले पाच दिवस रोज दोन वेळा तपासणी, बायकांचं हॉटेल वेगळं आणि गुप्त, हातगाडी-सामान ठेवायला कुलपाची जागा, न्यायला ओळखीची माणसं, शेजारच्या सोसायट्यांना लेखी कळवणं, आणि तीन महिन्यांत पुढची जागा. निवारा_ठाणे, कुत्र्यांचं काय करायचं ते तुम्ही सुचवा, मला काही सुचलेलं नाही.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज मी ठाणे आणि नवी मुंबईला करते. पनवेलचा कुणी करेल का? खारघर-कामोठ्यातलं कुणी असेल तर इथेच हात वर करा.

कामोठे_सेक्टर_सहा

मी करतो. निवृत्त साहेब, प्रश्नाचे शब्द नेमके कसे ठेवायचे ते लिहून द्याल का? नाहीतर ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून परत येतो.

निवृत्त_पालिका

‘निवारे किती’ असं विचारू नका. निवाऱ्याचा पत्ता, मंजूर क्षमता, चालवणाऱ्या संस्थेशी झालेल्या कराराची प्रत, आणि मागच्या बारा महिन्यांतल्या रोजच्या हजेरीपटाच्या प्रती, असं मागा. हजेरीपट मागितला की खरं चित्र समोर येतं.

निवारा_ठाणे

कुत्र्यांसाठी तळमजल्यावरची एखादी खोली राखून ठेवा, मागच्या अंगणाला लागून असलेली. रेबीजची लस टोचून घ्यायची आणि तो माणूस त्यांच्यासोबतच राहील. गावदेवी दादा, तुमच्या मागच्या बाजूच्या बाद खोल्यांपैकी तळमजल्यावरच्या खोलीला अंगणात उघडणारं दार आहे का? असेल तर तिथे हवेचा प्रश्न उरत नाही.

गावदेवी

एका खोलीला आहे. उद्या सकाळी मोजमाप घेऊन फोटो टाकतो. सिस्टर, तुम्ही बघून चालेल की नाही ते सांगा.